चतुष्पादातील तिसरा पाद : परिचारक, संवाद आणि आपली रुग्णालये

भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद आपण सर्वांनी बी.ए.एम.एस.च्या पहिल्या वर्षातच मुखोद्गत केले. प्रत्येक पादाचे चार याप्रमाणे एकूण सोळा गुण, हा परीक्षेतील हमखास पदरात पडणारा प्रश्न. पुढे पाटी लागते, दवाखाना स्थिरावतो, कोणी चार-सहा खाटांचे पंचकर्म केंद्र काढतो, कोणी छोटे रुग्णालय. मग ध्यानात येते की भिषक् या पादावर आपण आयुष्यभर परिश्रम घेतले, द्रव्याविषयी परिषदा भरविल्या, रोगी तर रोजच समोर असतो; परंतु उपस्थाता, म्हणजेच परिचारक, या तिसऱ्या पादाविषयी आपल्या चर्चासत्रांतून फारसे बोलले जात नाही. प्रस्तुत लेखात त्यातीलही एकाच अंगाचा विचार करावयाचा आहे. वैद्य, परिचारिका, मावशी, औषधविक्रेता आणि नातेवाईक यांच्यात काय बोलले जाते, काय बोलावयाचे राहून जाते आणि त्यामुळे रुग्णाचे काय होते, हा तो विषय होय.

ग्रंथांतील परिचारक

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात उपस्थात्याचे चार गुण सांगितले आहेत : उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच. क्रम पाहण्यासारखा आहे. ज्ञान प्रथम आले. वाग्भटाने अनुरागास अग्रस्थान दिले, तरी बुद्धिमत्ता सोडली नाही. सुश्रुताने सूत्रस्थानाच्या ३४ व्या अध्यायात परिचारक स्नेहशील, किळस न बाळगणारा, बलवान, रुग्णाच्या रक्षणात तत्पर, न थकणारा आणि वैद्याच्या वचनाप्रमाणे वागणारा असावा असे म्हटले आहे. आपल्या व्यवहारात मात्र या सर्वांतून वैद्यवचनाचा तेवढा एकच गुण शिल्लक राहिलेला दिसतो. सांगितले तेवढे करणारी परिचारिका ती उत्तम आणि विचारणारी ती उद्धट, असा आपला सोयीचा हिशेब आहे.

याच नवव्या अध्यायात चार पादांमध्ये वैद्य प्रधान का, याचेही कारण आले आहे. तो विज्ञाता आहे, शासिता आहे आणि योक्ता आहे. कुंभार नसेल तर माती, दंड, चाक आणि सूत्र ही सारी साधने व्यर्थ, हा दृष्टांत आपल्या मनास सुखावतो, म्हणून तो चांगला लक्षात राहतो. शासिता हा शब्दही आपल्याला आवडतो. 'योक्ता' या शब्दापाशी मात्र आपण फार थांबत नाही. औषधाची योजना करणारा हा अर्थ त्यात आहेच. परंतु चारही पाद एका कामास जुंपणारा, त्यांना एकमेकांशी जोडणारा, हाही अर्थ त्यात आहे असे आम्ही मानतो. शासन करणे सोपे असते, जोडणे कठीण असते, आणि आजच्या रुग्णालयात नेमके दुसरेच अपुरे पडते.

उपकल्पनीय अध्यायात तर परिचारकांची एक संपूर्ण तुकडीच उभी केली आहे. वरण-भात रांधणारे, स्नान घालणारे, अंग चेपणारे, उठविणारे, निजविणारे, औषधे वाटणारे, असे वेगवेगळे लोक तेथे आहेत. गायन, वादन आणि कथा जाणणारे, शिवाय दुसऱ्याच्या मनातले ओळखणारे आणि देशकाल जाणणारे सहायकही आहेत. शोधनापूर्वी एवढी माणसे जमवावयास सांगणाऱ्या शास्त्रकारास हे निश्चित ठाऊक असले पाहिजे की इतक्यांनी एकमेकांशी बोलल्याविना वमन-विरेचन पार पडत नाही.

आणखी एक शब्द येथे नोंदवितो. रुग्णाच्या चार गुणांत 'ज्ञापकत्व' आहे, म्हणजे स्वतःला काय होते आहे ते सांगण्याची क्षमता. सांगणारा असला तर ऐकणाराही हवा. तो ऐकणारा बहुतेक वेळा वैद्य नसतो. वैद्य दिवसातून दोनदा खाटेजवळ येतो, उरलेले सर्व तास तेथे परिचारिका असते.

विरेचनाचा दिवस

पंचकर्म करणाऱ्या वैद्यबांधवांस विरेचनाचा दिवस वेगळा वर्णन करून सांगावयास नको. औषध सकाळी दिले जाते, वेग दिवसभर चालतात आणि त्या काळात वैद्याची बाह्यरुग्णसेवा सुरू असते. प्रवर शुद्धीस ३०, मध्यमेस २० आणि हीन शुद्धीस १० वेग, ही वैगिकी गणना आपण सायंकाळी कागदावर पाहतो आणि त्यावरून संसर्जनक्रम ७ दिवसांचा की ५ की ३, हे ठरवितो. पण तो आकडा कोणी मोजला? रुग्ण स्वतः काही वेळा मोजतो, तो थकला की त्याची पत्नी मोजते, मधल्या वेळेत ती खाली चहास गेली की मोजणी थांबते, आणि परिचारिका नोंद करते ती या तिघांनी सांगितलेली. एकाच वेगासाठी दोघांनी दोन खुणा केल्या तर १६ चे २० होतात आणि मध्यम शुद्धी झाली असे मानून पथ्य ठरते.

आंतिकी लक्षणाचे तर याहून कठीण. विरेचन कफान्त व्हावे, हे आपण जाणतो. पण शेवटच्या वेगात काय आले हे प्रत्यक्ष पाहणारी व्यक्ती कोण? आमच्या भागातील बहुतेक छोट्या रुग्णालयांत ती व्यक्ती म्हणजे मावशी. भांडे उचलणारी, स्वच्छतागृह धुणारी, जिला सर्वजण नात्याच्या नावाने हाक मारतात आणि जिला कोणी काही विचारत नाही. 'आता नुसतं बुळबुळीत येतंय' हे वाक्य ती दुसऱ्या मावशीला सहज बोलून जाते. ते परिचारिकेच्या कानी पडले आणि तिने ते लिहिले तर विरेचनाची एक लैंगिकी-आंतिकी नोंद पूर्ण होते. नाही पडले तर आपण केवळ आकड्यावर विसंबतो. ज्या परिचयाच्या केंद्रांत मावशींना तीन-चार गोष्टी पाहून सांगावयास शिकविले आहे (रंग, फेस, बुळबुळीतपणा, रक्ताचा अंश), तेथील केसपेपर वाचताना फरक चटकन जाणवतो. नात्याच्या हाकेत आपुलकी आहे, ती राहावीच. परंतु त्या आपुलकीखाली तिचे निरीक्षण झाकले जाऊ नये.

एका प्रसंगाचा उल्लेख येथे करणे आवश्यक वाटते. कल्याणमधील एका केंद्रात (नाव घेण्याचे प्रयोजन नाही) साठीच्या आसपासच्या एका मधुमेही गृहस्थांचे विरेचन योजिले होते. ग्लिमेपिराइडची गोळी ते नियमित घेत. त्या दिवशी ती गोळी द्यावयाची नाही, असे वैद्यांनी आदल्या सायंकाळी तोंडी सांगितले होते, ते दिवसपाळीच्या परिचारिकेस. रात्रपाळीस ते पोहोचले नाही, आणि घरच्यांना तर कोणीच सांगितले नव्हते. सकाळी पत्नीने पिशवीतील डबीतून नेहमीप्रमाणे गोळी दिली. दुपारी रुग्णास घाम सुटला, हात कापू लागले, बोलणे अडखळू लागले. तेथील एका साहाय्यकाने वेग चालू असताना घाम व ग्लानी व्हायचीच असे म्हणून दुर्लक्ष केले. परंतु दुपारच्या पाळीस आलेल्या परिचारिकेने, जी वयाने सर्वांत लहान होती, ग्लुकोमीटर आणून बोटातून रक्त काढले. रक्तशर्करा ४८ होती. तिने साखरपाणी दिले, वैद्यांना बाह्यरुग्ण विभागातून उठवून आणले आणि सल्फोनिल्युरिया गटातील गोळीचा प्रभाव दीर्घकाळ राहतो म्हणून रात्रभर दर दोन तासांनी तपासणी व्हावी असे स्वतः सुचविले. रुग्ण सुखरूप घरी गेला.

या प्रसंगात उपचारज्ञता कोणाकडे होती हे सांगावयास नको. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते असे की त्या मुलीस बोलण्याचे धैर्य झाले. ज्या ठिकाणी 'तुला काय कळते' असे एकदा जरी सर्वांदेखत ऐकविले गेले असते, तेथे ती ग्लुकोमीटर आणावयास गेली नसती. तिने केवळ घाम पुसला असता. आधुनिक वैद्यकाच्या गोळ्या चालू असलेले रुग्ण आज आपल्याकडे मोठ्या संख्येने येतात. मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, थायरॉइड. शोधनाच्या दिवशी यांपैकी कोणती गोळी चालू, कोणती बंद, आणि तो निर्णय मूळ गोळी देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून झाला आहे का, हे लेखी असणे आता ऐच्छिक राहिलेले नाही.

तेलाचा की काढ्याचा?

बस्तीच्या बाबतीत अडचण निराळी. योगबस्तीत ८ बस्ती, त्यांत ५ अनुवासन आणि ३ निरूह, आलटूनपालटून. अनुवासन जेवणानंतर, निरूह रिकाम्या पोटी. म्हणजे रुग्णास रोज वेगळी सूचना द्यावी लागते आणि ती आदल्या सायंकाळी घरी पोहोचावी लागते. वैद्य परिचारिकेस सांगणार, ती दूरध्वनी करणार, तो सुनेने उचलला तर सून सासऱ्यांना सांगणार. सकाळी सासरे पोहे खाऊन येतात आणि काढ्याचा बस्ती पुढे ढकलावा लागतो. डोंबिवलीतील एका केंद्रात आठ चौकोनांचे छापील पत्रक रुग्णाच्या हाती देतात, त्यावर 'तेल' आणि 'काढा' एवढेच शब्द आणि खाली 'जेवून या', 'न जेवता या'. यात विद्वत्ता काहीच नाही. पण तेथे सकाळचा घोळ आम्ही पाहिलेला नाही. निरूह परत येण्याची कमाल मर्यादा एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटे. त्यासाठी बस्ती दिल्याची वेळ घड्याळात पाहून लिहावी लागते. 'सकाळी दिला' ही नोंद नव्हे.

रुग्णाचे शब्द

मराठीइतके वेदनेचे शब्दवैभव क्वचितच कोठे असेल. कळ, चमक, ठणका, मुरडा, ठसठस, भगभग, जळजळ, टोचणे, आवळून आल्यासारखे होणे, आणि शेवटी, ज्याने प्रत्येक तरुण वैद्य गोंधळतो ते, 'कसंतरीच होतंय'. यातील प्रत्येक शब्द दोषाकडे बोट दाखवितो. टोचणे वाताकडे, भगभग पित्ताकडे, ठणका पाकाकडे. आगरी-कोळी वस्तीतील रुग्ण, घाटावरून येऊन स्थायिक झालेले गिरणी कामगारांचे कुटुंब, कोकणातील म्हातारी, या सर्वांचे शब्द वेगळे. यात मल्याळी परिचारिका असेल, हिंदी बोलणारा वॉर्डबॉय असेल, तर रुग्णाने उच्चारलेला शब्द दोन भाषांतून प्रवास करून केसपेपरवर 'पोटात दुखते' एवढाच उरतो. मुरडा होता की कळ होती, हे कायमचे नाहीसे होते.

उपाय सोपा आहे. रुग्ण जे बोलला ते अवतरणचिन्हांत, त्याच्याच शब्दांत लिहावे. अर्थ लावण्याचे काम वैद्याने करावे. मल्याळी परिचारिकेस शब्द कळला नाही तर तिने तो कानाने ऐकला तसा लिहावा. अशा नोंदी वाचताना हसू येते खरे, पण निदानास त्या उपयोगी पडतात.

पाळी आणि लोकल

ठाणे ते कल्याणदरम्यानच्या रुग्णालयांचे वेळापत्रक मध्य रेल्वेच्या हाती असते, हे येथील प्रत्येक रुग्णालयचालक जाणतो. परिचारिका टिटवाळा, वासिंद, आसनगाव, अंबरनाथ, बदलापूर, वांगणीहून येतात. दिवसपाळीच्या मुलीचे लक्ष घड्याळाकडे असते, कारण ती गाडी चुकली तर पुढच्या गाडीत उभे राहावयासही जागा नाही. रात्रपाळीची मुलगी उशिरा पोहोचते. या दोघींची गाठ जिन्यात पडते. 'तीन नंबरचं बघ गं' एवढे बोलून एक खाली जाते व दुसरी वर येते. रविवारी मेगाब्लॉक असला तर तेवढेही होत नाही. २६ जुलै २००५ च्या महापुरात, जेव्हा कल्याण, अंबरनाथ, बदलापूरचा परिसर पाण्याखाली गेला आणि लोकल थांबली, तेव्हा अनेक ठिकाणी एकाच पाळीने सलग काम केले. विनोद असा की त्या काळात निरोप चुकण्याचा प्रश्नच नव्हता, कारण निरोप घेणारे दुसरे कोणी आलेच नव्हते.

पाळी बदलताना होणाऱ्या चुका हा जगभरचा विषय आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मे २००७ मध्ये रुग्णसुरक्षेसाठी नऊ उपाय प्रसिद्ध केले. त्यांत पाळी बदलतानाचा संवाद हा एक स्वतंत्र उपाय होता आणि दिसण्यात वा उच्चारात सारख्या औषधनावांचा धोका हा दुसरा. त्याच सुमारास अमेरिकेत निरोप देण्याची एक चार टप्प्यांची पद्धत रूढ झाली. ती मूळची तेथील नौदलाच्या पाणबुड्यांवरची. रुग्णालयांत ती कैसर पर्मनेन्टे या संस्थेने आणली. आत्ता काय झाले आहे, आधी काय होते, मला काय वाटते, आणि काय करावे असे मला वाटते, हे ते चार टप्पे. आमच्या मते यातील तिसरा टप्पा आपल्याकडे सर्वांत दुर्मिळ आहे. परिचारिकेस तिचे मत विचारण्याची आपल्याला सवय नाही आणि ते देण्याची तिला सवय नाही. 'सर, तीन नंबरचे स्नेहपान पचलेले वाटत नाही, तोंडाला पाणी सुटते आहे, भूक नाही. दुपारचे जेवण थांबवू का?' हे एक वाक्य ज्या परिचारिकेस बोलता येते, तिच्या हाती स्नेहपानाचा रुग्ण निर्धास्तपणे सोपवावा.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली परिचर्येवर जे पुस्तक लिहिले, त्यात किरकोळ व्यवस्थापनावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. आपण हजर असताना जे होते ते आपण नसतानाही कसे होईल, याची तजवीज करणे हा त्याचा गाभा. १८५९ मध्ये लोकल नव्हती, पण प्रश्न हाच होता.

महामारीतील एक धडा

२०२० मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिका आणि शहरातील खासगी डॉक्टर यांनी एकत्र येऊन जी व्यवस्था उभी केली ती 'डॉक्टर आर्मी' या नावाने ओळखली गेली. महापालिकेने ताप तपासणीसाठी दवाखाने उघडले, डोंबिवलीच्या सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडासंकुलात रुग्णालय उभे राहिले. पुढे जून २०२१ मध्ये केंद्राच्या स्मार्ट सिटी स्पर्धेतील कोविड नवोपक्रमाचा पुरस्कार कल्याण-डोंबिवलीस वाराणसीसह विभागून जाहीर झाला. या सर्वाची प्रशंसा अन्यत्र पुष्कळ झाली आहे. आमचे लक्ष एका लहान गोष्टीकडे वेधले गेले. संरक्षक पोशाख चढविल्यावर डॉक्टर कोण, परिचारिका कोण, सफाई कर्मचारी कोण, काहीच ओळखू येत नसे. मग लोकांनी छातीवर आणि पाठीवर मार्करने नावे लिहावयास सुरुवात केली. रुग्ण प्रथमच 'अहो सिस्टर' ऐवजी नावाने हाक मारू लागले, आणि एकमेकांस कधी न भेटलेले कर्मचारीही. मुखपट्टीमागून बोललेले ऐकू येत नसल्याने प्रत्येक सूचना ऐकणाऱ्याने मोठ्याने पुन्हा उच्चारावी, अशीही पद्धत अनेक ठिकाणी आपोआप पडली.

यांपैकी नावाने ओळख करून देण्याची गोष्ट शल्यकर्मातील सुरक्षेच्या जागतिक तपासणीसूचीत २००८ पासूनच आहे. छेद देण्यापूर्वी खोलीतील प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावे, असे त्या १९ मुद्द्यांच्या सूचीत म्हटले आहे. आठ शहरांतील आठ रुग्णालयांत तिची पाहणी झाली, त्यांत नवी दिल्ली होती. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. सुश्रुताच्या अग्रोपहरणीय अध्यायातही शस्त्रकर्मापूर्वी जमवावयाच्या वस्तूंची यादी आहे. यंत्रे, शस्त्रे, क्षार, अग्नी, पिचू, सूत्र, मध, तूप, थंड आणि गरम पाणी, आणि यादीच्या शेवटी स्नेहशील, स्थिर, बलवान परिकर्मी. यादीचे महत्त्व आपल्या पूर्वसूरींस ठाऊक होते. महामारी ओसरल्यावर मात्र छातीवरची नावे गेली आणि 'सिस्टर' परत आली.

औषधविक्रेत्यांस थोडे

या त्रैमासिकाच्या वाचकांत औषधविक्रेते पुष्कळ आहेत, आणि परिचर्येच्या साखळीत त्यांचा उल्लेख सहसा होत नाही. परंतु आमच्या अनुभवात निरोप सर्वाधिक वेळा तुटतो तो चिठ्ठी आणि काउंटर यांच्यामध्ये. आपल्या औषधांची नावेच अशी आहेत. योगराज गुग्गुळ आणि महायोगराज गुग्गुळ यांत एका उपसर्गाचा फरक, पण दुसऱ्यात भस्मे आहेत. सूतशेखर साधा आणि सुवर्णयुक्त. कामदुधा साधी आणि मौक्तिकयुक्त. दशमूलारिष्ट आणि दशमूल काढा. वैद्य घाईत 'सं. वटी' लिहितात. ज्या संजीवनी वटीत शोधित वत्सनाभ आणि भल्लातक आहेत, तिच्यासाठी एवढे संक्षिप्त अक्षर पुरेसे नाही. मात्रा, काळ आणि अनुपान लिहिलेले नसेल तर विक्रेत्याने ते अंदाजाने सांगू नये, आणि वैद्याने असा फोन आला तर चिडू नये. ठाण्यातील एक विक्रेते प्रत्येक चिठ्ठीतील औषधांची पूर्ण नावे ग्राहकासमोर मोठ्याने वाचतात. वेळ जातो, रांग कुरकुरते. पण त्यांच्या दुकानातून चुकीचे औषध गेल्याची तक्रार आमच्या कानी आलेली नाही.

एक औषध उपलब्ध नसता त्याच धर्तीचे दुसऱ्या कंपनीचे देणे हा रोजचा व्यवहार आहे. तो थांबावा अशी अपेक्षा नाही. मात्र बदल केला तर चिठ्ठीवर पेनने तसे लिहावे, जेणेकरून रुग्णालयातील परिचारिकेस बाटलीवरचे नाव आणि केसपेपरवरचे नाव जुळविता येईल. अलीकडे चिठ्ठीचे छायाचित्र व्हॉट्सअॅपवर पाठविण्याची प्रथा पडली आहे. निळी खूण उमटली म्हणजे निरोप योग्य व्यक्तीने वाचला असे होत नाही. दुकानातील मुलाच्या हातीही तो फोन असतो. उत्तरादाखल औषधांची नावे टंकून आली तरच निरोप पोहोचला असे समजावे.

शिक्षण आणि मोबदला

परिचर्येस प्रतिष्ठा देण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात जुने आहेत. रमाबाई रानडे यांच्या पुण्यातील सेवासदनाने, ज्याची स्थापना १९०९ ची, स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी पाठविले. ज्या काळात परक्याचे अंग पुसणे हे घरंदाज स्त्रीस अशोभनीय समजले जाई, त्या काळात हे घडले. शंभर वर्षांनंतर आपण आयुर्वेद रुग्णालयांत परिचारिका नेमतो, त्यांतील पुष्कळजणी जी.एन.एम. वा ए.एन.एम. झालेल्या असतात, सलाईन लावणे, इंजेक्शन देणे त्यांना उत्तम येते, पण अनुपान म्हणजे काय, लंघन आणि उपवास यांत भेद काय, पेया आणि विलेपी यांत पातळ कोणती, हे त्यांच्या अभ्यासक्रमात नव्हते. ते आपण शिकवावयाचे आहे. दोन महिने काम करून ती मुलगी पाचशे-हजार रुपये अधिक देणाऱ्या दुसऱ्या रुग्णालयात जाते, मग शिकवून काय उपयोग, असे अनेक वैद्यबांधव म्हणतात. यावर आमचे उत्तर कटू आहे : ते पाचशे-हजार रुपये आपणच द्यावेत. अभ्यंगाच्या तेलावर आपण त्याहून अधिक खर्च करतो.

शिकविण्यासाठी आठवड्यातून अर्धा तास पुरतो. एका ठिकाणी शनिवारी दुपारी परिचारिका, मावशी, उपचारक आणि औषधभांडाराची मुलगी एकत्र बसतात, आठवड्यातील एका रुग्णाविषयी प्रत्येकजण एक वाक्य बोलतो, आणि वैद्य शेवटी बोलतात. वैद्यांनी आरंभी बोलले तर बाकीचे मान डोलावतात, एवढेच होते.

ब्युरोच्या बाई

सर्वांत शेवटी घरचा परिचारक. डोंबिवली आणि ठाण्यात, विशेषतः नौपाडा, घोडबंदर रस्ता आणि फडके रोडच्या आसपासच्या जुन्या सोसायट्यांत, एकटी राहणारी वृद्ध जोडपी फार झाली आहेत. मुलगा अमेरिकेत वा बंगळुरूत, आणि सांभाळावयास ब्युरोतून येणारी बाई. पक्षाघाताच्या रुग्णास अभ्यंग तीच करते, काढा तीच उकळते, बद्धकोष्ठ झाले हे तिलाच प्रथम कळते. वैद्याकडे येताना मात्र रुग्णाबरोबर शेजारी येतो वा मुलगा व्हिडिओवर असतो, आणि बाई दाराशी उभी असते. सूचना मुलास दिल्या जातात. काढा किती आटवावा, हे सातासमुद्रापलीकडच्या गृहस्थास सांगून काय होणार?

आम्ही अलीकडे खुर्ची तिला देतो आणि तिच्याकडून सूचना पुन्हा वदवून घेतो. 'चार कप पाणी, एक कप राहीपर्यंत, मंद आचेवर, झाकण न ठेवता', असे तिने म्हटले की आमचे काम झाले. लिहितावाचता येत असेल तर एक शंभर पानी वही देतो. शहापूर तालुक्यातून आलेल्या अशा एका बाईंनी गेल्या पावसाळ्यात त्या वहीत आजोबांच्या झोपेच्या वेळा लिहून ठेवल्या होत्या, रोजच्या रोज, कोणी न सांगता. रात्री दीड ते चार जागे, चारनंतर खोकला, पहाटे सहाला झोप. मुलाने व्हिडिओवर 'झोप छान लागते बाबांना' असे सांगितले होते. खोकल्याची वेळ पाहून आम्ही औषधाचा काळ बदलला, प्रातःकाळचा निशाकाळ केला, आणि नवी वेळ त्याच वहीत त्यांच्याच हस्ताक्षरात लिहून घेतली.